बशी, दही आणि कढी

मंदाकाकू गेल्याचं हेमंतनं मला सकाळी फोनवर सांगितलं, आणि पुढच्याच वाक्यात विचारलं, "ओट्यावर तिनं काल रात्री लावलेलं दही आहे. चांगलं घट्ट लागलंय. त्याचं काय करू?"

आई गेल्यावर मुलाला पहिला प्रश्न दह्याचा पडावा, याचं दुसऱ्या कुणालाही नवल वाटलं असतं. मला वाटलं नाही. प्रश्न योग्यच होता, फक्त उत्तर मला सुचत नव्हतं. "थोड्या वेळानं सांगतो," असं म्हणून मी फोन ठेवला आणि काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. काकू वारल्या पुण्यात, मुलाच्या घरी. मी होतो लखनौत, त्यांच्या घरी. मालकीण बाहेर आणि पाहुणा आत, ही व्यवस्था त्यांना मुळीच आवडली नसती.

सरोजिनी नगरमधलं हे घर. अमौसीचा विमानतळ इतका जवळ, की विमान उतरताना काकू बोलणं थांबवायच्या आणि ते गेलं की अर्ध्या शब्दापासून पुढे सुरू करायच्या. काका वायुदलात विमानांची इंजिनं दुरुस्त करायचे. दोघंही मूळचे मिरजेचे. बदल्या होत होत लखनौला आले, इथंच घर बांधलं, आणि निवृत्तीनंतर एके सकाळी काका वर्तमानपत्र वाचता वाचता गेले. "राशिभविष्य वाचत होते," काकू सांगायच्या. "बहुतेक पटलं नाही." हेमंत तोवर पुण्याला नोकरीला लागला होता. खोल्या रिकाम्या पडल्या. मग कुणीतरी त्यांना एक ॲप दाखवलं आणि काकूंनी त्यावर आपल्या खोल्या एकदोन दिवसांच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे यायचे. पहाटेचं विमान पकडणारे, परीक्षेला आलेले, लग्नाला आलेले, मोठ्या इस्पितळात कुणाला दाखल केलेले. सगळे दोन दिवसांचं बुकिंग करून यायचे आणि तिसऱ्या सकाळी जिन्यात उभे राहून म्हणायचे, "आंटीजी, बस कल तक और." जानेवारीतल्या धुक्यात विमानं रद्द झाली की हा 'कल' आठवडाभर लांबायचा. लखनौचे लोक अशा वेळी 'आप ही का घर है' म्हणतात. काकूंनी हे वाक्य इतक्या वर्षांत एकदाही उच्चारलं नाही. "म्हटलं आणि एखाद्यानं खरं मानलं तर?" त्या विचारायच्या. "येणाऱ्याला सांभाळायला काय लागतं? धुतलेली चादर. डोकं लागतं ते न जाणाऱ्याला सांभाळायला."

हे डोकं त्या फार बारकाईनं चालवायच्या. त्यांची पहिली पायरी म्हणजे बशी. नवीन पाहुण्याला चहा कपबशीतून जायचा, बशीत दोन बिस्किटं. पाहुणा रेंगाळू लागला की एके दिवशी बिस्किटं नाहीशी व्हायची. मग बशी. मग कपाच्या जागी स्टीलचा पेला. त्यानंतर काकू पाहुण्याला गॅस कसा पेटवायचा ते दाखवायच्या, आणि त्यानंतरही तो राहिलाच, तर सकाळी सातला आपल्या पलंगावर बसून हाक मारायच्या, "भैया, हमारा भी चढा देना." बरेचसे पाहुणे बशीलाच समजायचे. ॲपवर कुणी मुक्काम वाढवायची विनंती पाठवली, की काकू मला विचारायच्या, "मास्तर, दोन नंबरचा कोणत्या पायरीवर आहे?" मी म्हणायचो, "काकू, बशी गेलीय." "मग करा नामंजूर. कारण त्याला ठाऊक आहे."

मी मास्तर नाही. एका सरकारी कार्यालयात अनुवादक आहे. पण माझ्या पेटीतून कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त निघाली, म्हणून काकूंनी पहिल्याच दिवशी मला मास्तर केलं.

पेल्यालाही न समजणारे पाहुणे असत. त्यांच्यासाठी दही होतं.

प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही-साखर घालायची, ती त्यानं चाटायची आणि मागं न वळता निघायचं, हे आपल्याकडे घरोघर चालतं. लखनौतही चालतं. तिथं दही-चीनी म्हणतात. म्हणजे दोन्हीकडच्या माणसाला दह्याचा अर्थ कळतो आणि दोन्हीकडचा माणूस ते नाकारू शकत नाही. काकूंनी हे ओळखलं होतं. ज्याला घालवायचं त्याच्या नावानं त्या रात्री दही लावायच्या आणि सकाळी न्हाऊन, कुंकू लावून, वाटी घेऊन त्याच्या दाराशी उभ्या राहायच्या. "हाथ आगे करो बेटा. शुभ यात्रा." झोपेतून उठलेला माणूस आपोआप हात पुढे करायचा. दही चाटून झाल्यावर त्याला कळायचं की आपण आता निघालो आहोत.

हे दही भयंकर आंबट असायचं. त्याचं विरजण काकूंनी लग्नानंतर मिरजेहून रेल्वेनं आणलं होतं आणि प्रत्येक बदलीत जपलं होतं. लखनौच्या गोडसर दह्याला त्या नावं ठेवायच्या. "या दह्यावर कोण उठून जाईल? उलट आणखी एक वाटी मागेल."

कानपूरचे एक गृहस्थ चामड्याच्या बुटांचे व्यापारी होते. धुक्यामुळे विमान रद्द झालं म्हणून थांबले. धुकं गेलं, ते गेले नाहीत. बायकोशी भांडण झालं होतं असं पुढे कळलं. बशी गेली, कप गेला, ते आनंदानं स्वतःचा आणि काकूंचा चहा करू लागले आणि त्यात आलं जास्त घालू लागले. "आलं फार होतंय," काकू मला म्हणाल्या. "याला आता घरी पाठवायला हवं." दुसऱ्या सकाळी त्यांच्या तळहातावर दही पडलं. गृहस्थ चाटता चाटता रडायला लागले. म्हणाले, "आंटीजी, माँ भी ऐसे ही देती थी." काकू म्हणाल्या, "देती थी ना? फिर निकलते थे कि नहीं?" ते निकले. आणि कानपूरला पोचल्यावर त्यांनी ॲपवर पाच तारे देऊन लिहिलं की इथलं दही एकदा तरी खाऊन पाहावं.

यातून एक घोटाळा झाला. काकूंनी ज्यांना ज्यांना बाहेर काढलं होतं, त्या सगळ्यांनी आपापल्या अभिप्रायात दह्याची स्तुती केली. मग नवे पाहुणे दारातच विचारू लागले, "आंटीजी, वो दही मिलेगा?" काकू त्यांच्याकडे खालून वर बघायच्या. "मिलेगा. टाइम पे मिलेगा."

शेजारच्या सक्सेनाजींना हे सगळं अमानुष वाटायचं. सक्सेनाजी म्हणजे निवृत्त, नाजूक, रस्त्यावरच्या कुत्र्यालाही 'आप' म्हणणारे गृहस्थ. त्यांच्याकडे त्यांचे मेहुणे डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आले होते. ऑपरेशन झालं, चष्मा आला, आणि आता त्या चष्म्यातून ते दिवसभर टीव्ही बघत होते. एके दिवशी सक्सेनाजी फाटकापाशी घुटमळले. "भाभीजी, एक कटोरी दही मिल जाएगा?"

"किसके लिए?"

सक्सेनाजींनी घराच्या दिशेनं फक्त भुवई हलवली.

काकूंनी वाटी भरून दिली. तासाभरानं वाटी धुऊन परत आली आणि तिच्यामागून सक्सेनाजींचा पडलेला चेहरा. हातावर दही घालायचं त्यांना जमलं नव्हतं. त्यांनी ते वाटीत, चमच्यासह, टीव्हीसमोर नेऊन ठेवलं होतं. मेहुण्यांनी ते साखर घालून संपवलं आणि विचारलं की जीजाजी, हे रोज मिळेल का.

"दही बरोबर होतं," काकू मला नंतर म्हणाल्या. "हात चुकला." त्या स्वतः पदर खोचून शेजारी गेल्या. पुढे काय झालं ते मी आमच्या गच्चीवरून पाहिलं. मेहुणे बॅग घेऊन रिक्षात बसत होते, हाताची मूठ तशीच मिटलेली. सक्सेनाजी त्यांना अजून 'फिर आइएगा' म्हणत होते आणि काकू मागून सक्सेनाजींना डोळ्यांनी गप्प करत होत्या. मिसेस सक्सेना, ज्यांचा तो भाऊ, पुढे कितीतरी दिवस काकूंशी बोलल्या नाहीत. सक्सेनाजी मात्र संक्रांतीला तिळाचे लाडू देऊन गेले. चोरून.

एवढं वाचून काकू कठोर होत्या असं वाटेल. होत्याच. पण दही लागून तयार असायचं आणि ऐन वेळी त्यांचा हात उचलायचा नाही, असंही व्हायचं. अशा दिवशी दुपारी घरात कढी असायची. वाया कशाला घालवायचं, म्हणून त्याच दह्याची कढी. त्याबद्दल बोलणं व्हायचं नाही. पण आम्हाला कळायचं की आज कुणीतरी वाचलं. आणि एकदा ज्याच्या नावाच्या दह्याची कढी झाली, त्याला पुन्हा दही लावलं जात नसे. तो मग पाहुणा राहायचा नाही. उशिरा आला तर त्याला बोलणी बसायची.

अशी एक कढी मला नीट आठवते. बहराइचच्या नसरीन नावाच्या शिक्षिका वडिलांना इस्पितळात घेऊन आल्या होत्या. दोन दिवसांचे बरेच दिवस झाले. त्यांची बशी केव्हाच गेली होती, पण त्यांचं लक्षच नव्हतं. त्या पहाटे डबा घेऊन निघायच्या आणि अंधार पडल्यावर यायच्या. त्यांची खोली पुढे कुणाला तरी दिलेली होती आणि तो नवा पाहुणा सकाळच्या विमानानं येणार होता. काकूंनी दही लावलं.

सकाळी नसरीन जिन्यावरून उतरल्या तर खाली काकू वाटी घेऊन उभ्या. नसरीन पायरीवरच थांबल्या. वाटीकडे पाहिलं. मग भराभर खाली आल्या, डबा जमिनीवर ठेवला, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि उजवा हात पुढे केला.

"आंटीजी, आपको कैसे पता चला कि अब्बू का ऑपरेशन आज है?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी वर्तमानपत्राकडे पाहिलं. काकूंनी तळहातावर दही घातलं, थोडं जास्तच घातलं, आणि म्हणाल्या, "पता चल जाता है. खाओ. और शाम को जल्दी आना, ताला नहीं लगाऊँगी."

नसरीन गेल्या. काकूंनी उरलेलं दही झाकून ठेवलं. मग फाटक वाजलं. नवा पाहुणा सूटकेस ओढत आत येत होता. काकूंनी त्याला उंबऱ्यावरच थांबवलं, शेजारच्या घराकडे बोट दाखवलं आणि हाक मारली, "सक्सेनाजी! आपके यहाँ कमरा खाली हुआ है ना?"

दुपारी कढी होती.

ऑपरेशन नीट झालं. अब्बूंना सोडल्यावर नसरीन त्यांना घेऊन भेटायला आल्या. म्हातारबुवांनी काकूंना दोन्ही हात जोडले आणि विचारलं की ते दही कुठलं. "मिरज का," काकू म्हणाल्या, जणू मिरज शहरातल्याच अलीगंजच्या पलीकडे आहे.

माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. मी सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत, चार दिवसांसाठी इथं आलो होतो. क्वार्टर मिळालं. मी ते बघून आलो आणि काकूंना सांगितलं की भिंतींना ओल आहे, पुस्तकं खराब होतील. त्या "हं" म्हणाल्या. त्या महिन्यात आमच्याकडे इतक्या वेळा कढी झाली, की एकाच्याच नावाची कढी पुन्हा होत नाही हा नियम फक्त माझ्या बाबतीत मोडला असावा. मी ती दर वेळी मान खाली घालून, मागून घेऊन प्यायलो.

काकूंच्या आयुष्यात भीती एकच होती, आणि ती त्या भीती म्हणून कधी सांगत नसत. "मी कुणाच्या घरी पाहुणी म्हणून मरणार नाही," असं त्या भाजी निवडताना म्हणायच्या. "ही माझी खोली, ही माझी उशी. इथंच." पाहुणा कसा हळूहळू जड होतो, यजमानाच्या चेहऱ्यावर ते कुठून सुरू होतं, हे त्यांनी इतकं जवळून पाहिलं होतं आणि इतक्या लोकांच्या बाबतीत स्वतः घडवून आणलं होतं, की मुलाच्या घरची बशीसुद्धा त्यांना नको होती.

मग त्यांच्या हृदयानं कुरबूर सुरू केली. स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडल्या, इस्पितळात राहून आल्या. डॉक्टरांनी सांगितलं की यांना एकटं ठेवू नका. मी घरातच असतो हे मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा तेच सांगितलं.

हेमंत आठवड्याची सुट्टी घेऊन, बायकोला, रश्मीला, पुण्यातच ठेवून आला. उंच, गोरा, केस विरळ झालेला, लखनौत वाढलेला. मराठी सगळं समजायचा आणि उत्तर हिंदीत द्यायचा.

"आई, यार, समझा कर ना. पुणे चल."

"मराठीत भांड. मग ऐकते."

"रश्मी भी बोल रही है. अलग कमरा है तेरे लिए. बालकनी है."

"इथं मला चार खोल्या आहेत आणि लोक त्यांचे पैसे देतात."

आठवडा संपला. हेमंत म्हणाला, अजून दोन दिवस थांबतो. मग लॅपटॉप उघडून वरच्या खोलीतूनच ऑफिसचं काम करू लागला आणि रोज संध्याकाळी तोच विषय काढू लागला. तो आईला घेतल्याशिवाय जाणार नव्हता, आणि आई जाणार नव्हती. काकूंनी काय केलं असेल? एका सकाळी त्याच्या चहाबरोबर बिस्किटं आली नाहीत.

"आई!" वरून हाक आली. "बिस्किट?"

"संपली."

बशी गेली तेव्हा तो कप घेऊन खाली आला. पाहुण्यांच्या दिवसांत तो इथं राहिलेला नसला तरी या धंद्याविषयी ऐकून होता. "तू मला पण? मी मुलगा आहे तुझा!" रागाच्या भरात तो मराठीत बोलला.

"बघ," काकू म्हणाल्या, "येतंय की."

यथावकाश हेमंतच्या हाती पेला आला, मग गॅस. पण काकूंच्या अंदाजापेक्षा तो चिवट निघाला. तो सकाळी सातला दोघांचा चहा करू लागला. पाहुण्यांच्या बॅगा वर नेऊ लागला, चादरी बदलू लागला, एका जोडप्याला मुक्काम वाढवून हवा होता तर त्यांना परस्पर नाही म्हणाला. काकू माझ्या कानाशी म्हणाल्या, "कार्टं हुशार आहे हो मास्तर. नाही कसं म्हणावं हे बापाला कधी जमलं नाही." पण रात्री पाहिलं तर त्या दूध कोमट करत होत्या.

सकाळी हॉलमधली फरशी नुकतीच पुसून झाली होती. सक्सेनाजी वर्तमानपत्र मागायला आले होते आणि दारात चपला काढत होते. काकू वाटी घेऊन जिन्याच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. हेमंत खाली आला. वाटी पाहून थबकला नाही. सरळ आला, वाटीत ठेवलेला चमचा उचलला, दह्यानं काठोकाठ भरला आणि आईसमोर धरला.

"हात पुढे कर, आई."

"हे दही मी लावलंय."

"हात."

काकूंनी वाटी पायरीवर टेकवली आणि ओट्यावरून दुसरा चमचा आणून भरला. आता दोघांच्या हातांत भरलेले चमचे आणि दोघांचे हात पुढे. कुणी कुणाचं दही घेईना. दारात सक्सेनाजी एक चप्पल काढून, एक घालून उभे. दोघांनी एकमेकांना आधी तुम्ही, आधी तुम्ही म्हणत अडून राहावं, हे त्यांच्या शहरात नवीन नव्हतं, पण इतक्या रागानं ते कुणी करताना त्यांनी पाहिलं नसावं. "अरे भई," ते हळूच म्हणाले, "गिर जाएगा."

हेमंतच्या चमच्याच्या कडेवर दह्याचा थेंब जमला. फुगला. खाली पुसलेली, अजून ओली फरशी. काकूंची नजर त्या थेंबावर. थेंब सुटला आणि काकूंचा डावा हात आपोआप खाली गेला. थेंब तळहातावर पडला. हेमंतनं उरलेलं सगळं त्यावर ओतलं.

वरून एक विमान गेलं. ते गेल्यावर काकूंनी हात तोंडाशी नेला आणि दही चाटलं. डोळे मिटून, आंबटपणानं तोंड वाकडं करत. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, "डाव्या हातावरचं मोजत नाहीत खरं तर."

"मोजतात," हेमंत म्हणाला.

"फरशी पुसली होती," त्या मला दिवसभर सांगत राहिल्या. "फरशी पुसली होती म्हणून, नाहीतर मी हात पुढे केला असता का?" मी नाही म्हणालो. पण इतकी वर्षं मी त्यांना दुसऱ्याच्या हाताखाली नेमकी वाटी धरताना पाहत आलो होतो. त्यांना तो थेंब वाटीत झेलता आला असता. वाटी त्यांच्या हाताशीच, पायरीवर होती.

नियम म्हणजे नियम. हातावर दही पडलेल्यानं निघायचं. काकूंनी आपली अट सांगितली: "पाहुणी म्हणून येते. माझी बशी गेली की परत."

पुण्याहून त्यांचा फोन यायचा तो रोजचा एकच अहवाल घेऊन. "अजून बशी येते आहे." कधी चिडून, "आज दोनाऐवजी तीन बिस्किटं होती. कसं व्हायचं?" सून फारच चांगली मुलगी होती, आणि काकूंना त्याचा भारी त्रास होत होता. इकडे घरात पाहुणे येत-जात होते. मी खोल्यांच्या किल्ल्या देत होतो आणि कुणालाच जा म्हणू शकत नव्हतो. वरच्या खोलीत एक कवी येऊन राहिला होता. त्याला बशी अजून मिळत होती, हे मी काकूंपासून लपवलं.

मग एके संध्याकाळी फोन आला आणि आवाज इतका टवटवीत, की मला वाटलं त्या फाटकाशीच आहेत.

"मास्तर! गेली!"

"काय गेलं?"

"बशी! रश्मी कामात होती. मला म्हणाली, आई, आज तुम्हीच चहा ठेवता का दोघींचा?" त्या खूष होऊन हसत होत्या. "आज रात्री दही लावते. उद्या माझं मीच हातावर घेते आणि हेमंतला तिकीट काढायला लावते. माझी खोली झाडून ठेवा. आणि तो वरचा कोण आहे? हेमंत म्हणत होता कुणी कवी आहे."

"आहे एक."

"त्याला सांगा, मी येतेय."

त्यांनी दही लावलं, झाकण ठेवलं, झोपल्या. सकाळी दही लागलेलं होतं. त्या उठल्या नाहीत.

म्हणून हेमंत विचारत होता, त्याचं काय करू. आणि म्हणून मी दिवसभर त्यांच्या ओट्याशी घुटमळत होतो. ज्या एका गोष्टीला त्या घाबरत होत्या तीच झाली होती. दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या उशीवर, आणि निघायचं दही ओट्यावर तयार. ते त्यांच्या हातावर घालावं असं हेमंतला सकाळी वाटलं होतं, त्याची हिंमत झाली नाही, असं तो पुढे मला म्हणाला. संध्याकाळी, सगळं आटपून तो घरी आल्यावर मी फोन केला.

"हेमंत, त्याची कढी कर."

कढीचा नियम त्याला ठाऊक होता.

"सुतकात फोडणी देत नाहीत म्हणे," तो म्हणाला. मराठीत. सकाळपासून तो मराठीतच बोलत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. "इथल्या काकवा सांगतायत."

"मग बिनफोडणीची कर. त्यांना मुळीच आवडणार नाही. नावं ठेवायला तरी परत येतील."

तो हसला, आणि मग हसणं बदललं. मागं रश्मीचा आवाज ऐकू आला, बेसन कुठल्या डब्यात आहे ते सांगणारा.

मला त्या शेवटच्या दिसल्या त्या पुण्याला निघाल्या त्या दिवशी, अमौसीला. हेमंत ट्रॉली आणायला गेला होता. काकूंना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं, त्यावरून त्या आधीच एकदा भांडल्या होत्या. मला त्यांनी बोटानं जवळ बोलावलं आणि मांडीवरची पर्स इंचभर उघडली. आत रुमालात गुंडाळलेला, झाकण दोऱ्यानं बांधलेला स्टीलचा छोटा डबा होता.

"विरजण," त्या कुजबुजल्या. "हेमंतला सांगू नका. तिकडचं दही गोड असेल, त्यावर मला निघता यायचं नाही."

हेमंत आला. विमानतळाचा माणूस खुर्ची ढकलू लागला आणि काचेचं दार उघडलं. काकूंनी मागं वळून पाहिलं नाही. दह्यावर निघालेल्यानं पाहायचं नसतं. पर्स दोन्ही हातांत सरळ, समईसारखी धरली होती, आणि दार मिटेपर्यंत त्यांचा आवाज मला ऐकू येत होता.

"भैया, धीरे. धीरे चलो ना. दही है."